झाकण मिटल्यानंतर : लिनक्स लॅपटॉपवरील सस्पेंड आणि हायबरनेट

लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपी गेले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात झाकण मिटणे ही केवळ एक सूचना असते. त्या सूचनेनंतर यंत्र कोणत्या अवस्थेत जाते, तेथे किती वीज खर्च होते, अर्धवट राहिलेले काम कोठे साठवले जाते आणि कूटबद्ध डिस्कची किल्ली कोठे राहते, हे फर्मवेअर, लिनक्स कर्नल आणि वितरणाची मांडणी या तिघांवर अवलंबून असते. विंडोज वा मॅक यंत्रांत यातील बहुतेक निर्णय उत्पादकाने आधीच घेतलेले असतात. लिनक्सवर ते बऱ्याच अंशी वापरकर्त्याकडे येतात, आणि त्याने ते घेतले नाहीत तर वितरणाची पूर्वनिश्चित मांडणी लागू होते.

या निर्णयांचा परिणाम परदेशी नोकरी करणाऱ्या आणि वर्षातून एकदोनदा मायदेशी येणाऱ्या व्यावसायिकाला चटकन जाणवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुंबईला येणारे थेट विमान सुमारे १५ तास हवेत असते. ५० वॅट-तास क्षमतेची बॅटरी असलेला लॅपटॉप झोपेत अर्धा वॅट वापरत असेल, तर या प्रवासात साडेसात वॅट-तास खर्च होतात आणि उतरल्यावर काम पुढे चालू करता येते. तेच यंत्र झोपल्याचा नुसता देखावा करून ५ वॅट खात राहिले, तर दहाव्या तासाला बॅटरी संपते. न जतन केलेले काम नष्ट होते, आणि तोवर बंद पिशवीत यंत्र तापत राहिलेले असते.

या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती मूळ रोमन रूपात, अक्षरांचे लहान-मोठेपण पाळून टंकावीत.

झोपेचे प्रकार

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. संगणकाच्या वीजवापराच्या अवस्थांना त्यात क्रमांक दिलेले आहेत. एस-० म्हणजे पूर्ण जागृतावस्था आणि एस-५ म्हणजे पूर्ण बंद. लॅपटॉपच्या दृष्टीने महत्त्वाच्या अवस्था या दोहोंच्या मधल्या आहेत.

एस-३ ही पारंपरिक सस्पेंड अवस्था होय. तिच्यात प्रोसेसर आणि बहुतेक उपकरणांची वीज तोडली जाते, केवळ रॅमला आपला मजकूर टिकवण्यापुरता पुरवठा चालू राहतो. यंत्र काही क्षणांत जागे होते. पण बॅटरी पूर्ण संपली तर रॅममधील सर्व काही पुसले जाते. लिनक्समध्ये हिला 'डीप' असे नाव आहे.

एस-४ ही हायबरनेट अवस्था, म्हणजेच शीतनिद्रा. तिच्यात रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद केले जाते. त्यानंतर बॅटरी संपली तरी काम सुरक्षित राहते. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण जागे होताना ती प्रतिमा पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते.

तिसरा प्रकार तुलनेने नवा आहे. लिनक्समध्ये त्याला 'एस२आयडल' म्हणतात. येथे यंत्र औपचारिकदृष्ट्या एस-० मध्येच असते. प्रक्रिया गोठवल्या जातात, उपकरणे मंदावतात आणि प्रोसेसरने स्वतःहून आपल्या सर्वांत खोल विश्रांतीत उतरावे अशी अपेक्षा असते. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेल्या 'कनेक्टेड स्टँडबाय'मागे आणि विंडोज १० मधील 'मॉडर्न स्टँडबाय'मागे हीच कल्पना आहे. दूरध्वनीप्रमाणे लॅपटॉपही तत्क्षणी जागा व्हावा, हा तिचा हेतू. उत्पादकांनी ती स्वीकारली आणि पुढे अनेक लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून एस-३ काढून टाकले. लिनक्स वापरकर्त्यांच्या आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे. एस-३ मध्ये वीज तोडण्याची जबाबदारी फर्मवेअर घेत असे. एस२आयडलमध्ये एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर नीट विसावला नाही, तर संपूर्ण यंत्र खोल विश्रांतीला पोहोचत नाही. पडदा काळा होतो, पण वीज मात्र वाहत राहते.

आपले यंत्र कोणती झोप घेते

तपासणीची सुरुवात एका फाइलीपासून करावी : /सिस/पॉवर/मेम_स्लीप. 'कॅट' या आज्ञेने ती वाचली असता उपलब्ध प्रकारांची नावे दिसतात आणि सध्या निवडलेला प्रकार चौकटी कंसात असतो. 'एस२आयडल' आणि 'डीप' अशी दोन्ही नावे दिसली, तर निवडीला वाव आहे. केवळ 'एस२आयडल' दिसले, तर फर्मवेअर एस-३ देत नाही, आणि कर्नलला कितीही सूचना दिल्या तरी ते निर्माण होणार नाही.

अशा वेळी बायोसच्या मांडणीत एकदा डोकवावे. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या २०१८ मधील सहाव्या पिढीत आरंभी एस-३ उपलब्ध नव्हते. पुढे बायोसच्या सुधारित आवृत्तीत झोपेच्या प्रकारासाठी 'लिनक्स' हा स्वतंत्र पर्याय देण्यात आला आणि तो निवडताच एस-३ परत मिळाले. अन्य काही थिंकपॅडांतही असा पर्याय आढळतो.

'डीप' उपलब्ध असूनही निवडलेले नसेल, तर कर्नलच्या आरंभओळीत 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' हे पद जोडावे. तत्पूर्वी तीच निवड तात्पुरती करून पाहणे शहाणपणाचे. मूळ वापरकर्त्याच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने 'डीप' हा शब्द वरील फाइलीत लिहिला की पुढच्या रीस्टार्टपर्यंत ती निवड लागू राहते. काही यंत्रांचे फर्मवेअर 'डीप' देऊ करते, पण उत्पादकाने ते तपासलेले नसते. अशी यंत्रे झोपतात, मात्र उठत नाहीत.

त्यानंतर मोजमाप करावे. बॅटरीतील शिल्लक ऊर्जा /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट० या निर्देशिकेतील 'एनर्जी_नाऊ' या फाइलीत मायक्रोवॅट-तासांत मिळते. (काही यंत्रांत तिच्याऐवजी 'चार्ज_नाऊ' असते आणि तेथील आकडा मायक्रोॲम्पियर-तासांत असतो.) रात्री झोपण्यापूर्वी हा आकडा टिपावा, चार्जर काढून झाकण मिटावे आणि सकाळी पुन्हा टिपावा. दोहोंतील फरकाला तासांनी भागले की झोपेतील सरासरी वीजवापर हाती येतो. अर्ध्या वॅटच्या आसपासचा आकडा समाधानकारक मानावा. दोन वॅट वा त्याहून अधिक असेल, तर यंत्र खरे झोपलेले नाही.

एस२आयडल वापरणाऱ्या यंत्रांसाठी आणखी एक खूण आहे. नव्या कर्नलमध्ये /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स या निर्देशिकेत 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' ही फाइल असते. मागील झोपेत हार्डवेअर प्रत्यक्ष किती काळ खोल विश्रांतीत होते, हे ती मायक्रोसेकंदांत सांगते. तासभर झाकण मिटूनही तेथे शून्य दिसले, तर कोणते तरी उपकरण वा ड्रायव्हर वाटेत अडथळा बनला आहे.

शीतनिद्रेमागील यंत्रणा

झोपेचा दर्जा फर्मवेअरच्या हाती असल्यामुळे, ज्यांच्या यंत्रात एस-३ नाही त्यांच्यासाठी शीतनिद्रेचे महत्त्व वाढले आहे. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ही सुविधा २००२ मध्ये, २.५ या विकासमालिकेत आली. पावेल माखेक आणि पुढे राफाएल विसॉत्स्की यांनी तिचा सांभाळ केला. नायजेल कनिंगहॅम यांची 'टक्सऑनआइस' ही समांतर रचना अनेक वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेरच विकसित होत राहिली.

हायबरनेटची आज्ञा मिळताच कर्नल प्रथम सर्व प्रक्रिया गोठवतो. मग रॅममधील टाकाऊ भाग मोकळा करून उरलेल्या मजकुराची प्रतिमा तयार करतो, ती संक्षिप्त करून स्वॅपच्या जागेत लिहितो, तेथे एक खूण ठेवतो आणि यंत्र बंद करतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू केले की प्रथम नेहमीप्रमाणे कर्नल आणि त्यासोबतची आरंभिक फाइलप्रणाली, म्हणजे इनिटरॅमएफएस, उघडते. तिला ती खूण सापडली तर मुख्य फाइलप्रणालीला हात न लावता प्रतिमा रॅममध्ये परत भरली जाते आणि जुना कर्नल जेथे थांबला होता तेथून पुढे चालू लागतो.

हा क्रम समजून घेतला की मांडणीतील प्रत्येक पायरीचे कारण आपोआप उलगडते. प्रतिमेला पुरेशी जागा हवी, ती जागा कोठे आहे हे आरंभिक फाइलप्रणालीला ठाऊक हवे, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर ती आधी उघडली गेली पाहिजे.

मांडणीपूर्वीच्या अटी

पहिली अट स्वॅपची. कर्नल प्रतिमेचा आकार साधारणतः रॅमच्या दोन पंचमांशांपर्यंत ठेवण्याचा प्रयत्न करतो, पण ती मर्यादा पक्की नसते. शिवाय स्वॅपचा काही भाग आधीच वापरात असू शकतो. म्हणून स्वॅप रॅमइतके, आणि शक्य असल्यास थोडे अधिक ठेवावे. १६ जीबी रॅमला २० जीबी स्वॅप ही सुरक्षित योजना ठरते. येथे झेडरॅमचा उपयोग नाही, कारण ते रॅममध्येच वसलेले असते आणि वीज जाताच नाहीसे होते. फेडोरा २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम हेच पूर्वनिश्चित स्वॅप म्हणून देते. त्यामुळे फेडोरावर हायबरनेटसाठी डिस्कवरील स्वॅप वेगळे निर्माण करावे लागते. उबंटूने २०१२ मधील १२.०४ या आवृत्तीपासून हायबरनेटचा पर्याय सूचीतून पूर्वनिश्चितपणे वगळला. कर्नलमधील क्षमता मात्र कायम आहे.

दुसरी अट सिक्युअर बूटची. प्रमुख वितरणांत सिक्युअर बूट चालू असता कर्नल 'लॉकडाउन' अवस्थेत जातो आणि शीतनिद्रा नाकारतो. डिस्कवरील प्रतिमेत कोणी फेरफार केला असेल, तर तो ओळखण्याची सोय नसल्यामुळे हे बंधन घातलेले आहे. /सिस/पॉवर/डिस्क ही फाइल वाचल्यावर 'डिसेबल्ड' हा शब्द दिसला, तर बहुधा हेच कारण असते. वैयक्तिक यंत्रावर सिक्युअर बूट बंद करण्याचा निर्णय वापरकर्ता घेऊ शकतो. कार्यालयीन यंत्रावर मात्र तो माहिती-सुरक्षा विभागाला विचारल्यावाचून घेऊ नये.

तिसरी अट कूटबद्धतेची. मुख्य डिस्क लक्सने कूटबद्ध असेल तर स्वॅपही त्याच कवचात असले पाहिजे. कर्नल प्रतिमेला स्वतः कूटबद्ध करत नाही. रॅममध्ये डिस्कची किल्ली, उघडे दस्तऐवज आणि ब्राउझरमधील सत्रे असतात. हे सारे उघड्या स्वॅप पार्टिशनवर लिहिले गेले, तर डिस्क कूटबद्ध करण्याला काही अर्थ उरत नाही. दर आरंभी नवी यादृच्छिक किल्ली घेणारे कूटबद्ध स्वॅपही चालत नाही, कारण जागे होताना जुनी किल्ली हाती नसते.

मांडणीच्या पायऱ्या

पुढील क्रम डेबियन वा उबंटू, एक्स्ट४ फाइलप्रणाली, ग्रब आणि इनिटरॅमएफएस-टूल्स ही जोडणी गृहीत धरून दिला आहे. प्रारंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

१. स्वॅप फाइल तयार करणे. पूर्वीची स्वॅप फाइल असल्यास 'स्वॅपऑफ'ने ती वापरातून काढावी. 'डीडी' आज्ञेने १ एमबीचे २०,४८० खंड शून्यांनी भरून २० जीबीची /स्वॅपफाइल निर्माण करावी. 'सीएचमॉड ६००'ने ती रूटखेरीज सर्वांना बंद करावी, मग 'एमकेस्वॅप' आणि 'स्वॅपऑन' चालवावे. /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत तिची नोंद करावी आणि जुन्या स्वॅप फाइलीची नोंद काढून टाकावी.

२. जागेचा पत्ता शोधणे. येथे दोन आकडे लागतात. पहिला, ती फाइल ज्या फाइलप्रणालीवर आहे तिचा यूयूआयडी. 'फाइंडएमएनटी -नो यूयूआयडी -टी /स्वॅपफाइल' या आज्ञेने तो मिळतो. डिस्क कूटबद्ध असेल तर कवचाच्या आतील फाइलप्रणालीचा यूयूआयडी हवा, लक्सच्या पेटीचा नव्हे. दुसरा आकडा, डिस्कवर ती फाइल जेथून सुरू होते ते स्थान. 'फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाइल' चालवल्यावर पहिल्या ओळीत भौतिक स्थानाच्या स्तंभात जो पहिला आकडा दिसतो, तोच हा.

३. कर्नलला सांगणे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीतील आरंभओळीत 'रिझ्यूम=यूयूआयडी=' यापुढे पहिला आकडा आणि 'रिझ्यूम_ऑफसेट=' यापुढे दुसरा आकडा लिहावा. मग 'अपडेट-ग्रब' चालवावे.

४. आरंभिक फाइलप्रणालीला सांगणे. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलीत तोच यूयूआयडी नोंदवावा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवावे.

५. यंत्र रीस्टार्ट करून 'सुडो सिस्टमसीटीएल हायबरनेट' ही आज्ञा द्यावी.

इतर वितरणांत तपशील बदलतात. फेडोरामध्ये ड्रॅकटला 'रिझ्यूम' हा विभाग जोडावा लागतो आणि कर्नलची पदे 'ग्रबी'ने लिहिली जातात. आर्चवर पारंपरिक मांडणी असल्यास 'रिझ्यूम' हा हुक 'एनक्रिप्ट'नंतर आणि 'फाइलसिस्टम्स'पूर्वी ठेवावा. बीटीआरएफएसवर स्वॅप फाइलची सोय कर्नल ५.० पासून आहे, पण तिच्यावर कॉपी-ऑन-राइट आणि संक्षेपण दोन्ही बंद असावे लागते. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल' ही आज्ञा हे आपोआप करते. या फाइलप्रणालीवर 'फाइलफ्रॅग'चा आकडा चुकीचा ठरतो. 'बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर' हा खरा मार्ग. सिस्टमडीच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्या ईएफआय यंत्रांवर प्रतिमेचा पत्ता फर्मवेअरच्या स्मृतीत स्वतःच नोंदवतात. आरंभिक फाइलप्रणालीही सिस्टमडीवर आधारित असेल, तर तेथे वरील आकडे हाताने लिहिण्याची गरज उरत नाही.

एसएसडी झिजेल, ही शंका अनेकदा व्यक्त होते. रोज एकदा ६ जीबीची प्रतिमा लिहिली गेली तर वर्षाकाठी सुमारे २.२ टीबी होतात. ५०० जीबी क्षमतेच्या अनेक एसएसडींवर ३०० टीबी लेखनाची हमी दिलेली असते. त्या तुलनेत हा भार नगण्य आहे.

झाकण आणि वेळ यांचे नियम

झाकण मिटल्यावर काय व्हावे, हे सिस्टमडीचा 'लॉगिनडी' हा घटक ठरवतो. /ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ या फाइलीत 'हँडललिडस्विच' हे पद असते आणि त्याचे पूर्वनिश्चित मूल्य 'सस्पेंड' आहे. चार्जर जोडलेला असतानाच्या वर्तनासाठी 'हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर' असे वेगळे पद आहे. 'हँडललिडस्विचडॉक्ड' या तिसऱ्या पदाकडे विशेष लक्ष द्यावे. बाहेरचा पडदा जोडलेला असताना ते लागू होते आणि त्याचे पूर्वनिश्चित मूल्य 'इग्नोर' आहे. कार्यालयात मॉनिटर जोडलेला असतानाच झाकण मिटले आणि मग केबल काढून घाईने लॅपटॉप पिशवीत टाकला, तर यंत्र जागेच राहण्याचा धोका असतो. केडीईसारखी डेस्कटॉप पर्यावरणे झाकणाचे नियंत्रण स्वतःकडे घेतात. तेथे बदल त्यांच्या वीज-व्यवस्थापनाच्या मांडणीतूनच करावेत.

प्रवासी वापरकर्त्याला सर्वांत सोयीचे मूल्य 'सस्पेंड-देन-हायबरनेट' हे होय. यात यंत्र प्रथम साधी झोप घेते. ठरावीक काळ कोणी उठवले नाही, तर घड्याळाच्या गजराने क्षणभर जागे होऊन प्रतिमा डिस्कवर लिहिते आणि बंद होते. तो काळ /ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ या फाइलीत 'हायबरनेटडिलेसेक' या पदाने ठरवावा. '६०मिन' हे मूल्य बैठकींमधल्या विश्रांतीला पुरेसे मोठे आणि रात्रभराच्या विस्मरणाला पुरेसे लहान आहे. मात्र या पद्धतीत काही क्षण यंत्र पिशवीतच पूर्ण शक्तीने चालते. म्हणून विमानतळाकडे निघताना गजराची वाट न पाहता थेट हायबरनेट करून, दिवा विझल्याची खात्री करून मगच पिशवी बंद करावी.

किल्ली कोठे राहते

सस्पेंड आणि हायबरनेट यांतील सर्वांत महत्त्वाचा फरक विजेचा नसून गुप्ततेचा आहे. सस्पेंडमध्ये लक्सची किल्ली रॅममध्येच राहते. पडद्यावर पासवर्डची चौकट दिसत असली, तरी डिस्क आतून उघडीच असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की वीज तोडल्यावरही रॅममधील मजकूर काही काळ टिकतो, चिप थंड केल्यास अधिक काळ टिकतो, आणि त्यातून कूटबद्धतेच्या किल्ल्या काढता येतात. कूटबद्ध स्वॅपवरील हायबरनेटनंतर मात्र किल्ली यंत्रात उघड्या स्वरूपात कोठेही उरत नाही. जागे होताना पासफ्रेज पुन्हा द्यावी लागते.

म्हणून ग्राहकांची माहिती, रुग्णांच्या नोंदी वा कंपनीचा स्रोतसंकेत वाहून नेणाऱ्याने प्रवासात, हॉटेलच्या खोलीत किंवा जेथे यंत्र नजरेआड होणार आहे तेथे हायबरनेट वा पूर्ण बंद यांपैकीच एक अवस्था निवडावी. चेक-इन सामानाचा नियम याहून कडक आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना आयाटाच्या मार्गदर्शक नियमांनुसार अशा सामानातील लॅपटॉप पूर्ण बंद असावा लागतो. झोप वा शीतनिद्रा तेथे मान्य नाही. शक्यतो लॅपटॉप हातातील सामानातच ठेवावा.

बिघाडांचे निदान

यंत्र झोपते पण उठत नाही, झोपताच उठते, आणि हायबरनेटनंतर कोरे सुरू होते, अशा तीन प्रकारच्या तक्रारी प्रामुख्याने आढळतात.

कोरे सुरू होत असल्यास बहुधा पत्ता चुकलेला असतो. स्वॅप फाइल पुन्हा तयार केली की तिचे डिस्कवरील स्थान बदलते आणि 'रिझ्यूम_ऑफसेट' जुनेच राहते. /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून प्रत्यक्षात कोणती पदे लागू आहेत ते पाहावे आणि पुन्हा काढलेल्या आकड्यांशी ताडून घ्यावे.

झोपताच उठत असल्यास /प्रॉक/एसीपीआय/वेकअप ही फाइल पाहावी. कोणत्या उपकरणांना यंत्र उठवण्याची मुभा आहे, याची ती यादी आहे. यूएसबी माउस, नेटवर्क कार्ड वा झाकणाचा सेन्सर यांपैकी कोणी तरी बहुधा दोषी असतो. उपकरणाचे नाव त्या फाइलीत लिहिले की त्याची मुभा चालू-बंद होते. हा बदल तात्पुरता असतो, म्हणून एकेक उपकरण वगळून पाहण्यास तो सोयीचा.

उठत नसल्यास ग्राफिक्सकडे प्रथम संशयाने पाहावे. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरसह झोपेत व्हिडिओ स्मृतीतील मजकूर हरवू शकतो. तो टिकवण्यासाठी 'एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीॲलोकेशन्स=१' हे पद आणि 'एनव्हिडिया-सस्पेंड', 'एनव्हिडिया-हायबरनेट' व 'एनव्हिडिया-रिझ्यूम' या सेवा चालू असाव्या लागतात. बळजबरीने बंद करावे लागलेल्या यंत्रात मागील सत्राची नोंद 'जर्नलसीटीएल -बी -१' या आज्ञेने वाचता येते. शेवटच्या काही ओळींत वाट कोठे अडली त्याचा माग बहुधा लागतो.

प्रत्यक्ष झोपवण्यापूर्वी चाचणी घेण्याचे दोन मार्ग आहेत. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ६०' ही आज्ञा यंत्राला झोपवून एका मिनिटाने आपोआप उठवते. हायबरनेटसाठी /सिस/पॉवर/डिस्क या फाइलीत 'टेस्ट_रिझ्यूम' लिहून नंतर /सिस/पॉवर/स्टेट या फाइलीत 'डिस्क' लिहिले, की प्रतिमा लिहिली जाते आणि यंत्र बंद न होता लगेच परत वाचली जाते. प्रतिमा तयार होते पण यंत्र पूर्ण बंद होत नाही अशी अडचण असेल, तर स्लीप.कॉन्फमध्ये 'हायबरनेटमोड=शटडाउन' हे मूल्य वापरून पाहावे.

एक चूक कधीही करू नये

शीतनिद्रेत असलेल्या प्रणालीच्या फाइलप्रणालीला दुसऱ्या कोणत्याही प्रणालीतून हात लावू नये. जुना कर्नल जागा होतो तेव्हा डिस्क आपण सोडली तशीच आहे, असे तो धरून चालतो. दरम्यान पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून तीच डिस्क जोडली असेल, तर परतलेला कर्नल जुन्या समजुतीवर नवे लिखाण करतो आणि फाइलप्रणाली दुरुस्तीपलीकडे बिघडू शकते. विंडोजसोबत लिनक्स ठेवणाऱ्यांनी विंडोज ८ पासून आलेले 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. तेही एक प्रकारचे आंशिक हायबरनेटच असते आणि त्यामुळे विंडोजचे पार्टिशन अर्धवट अवस्थेत राहते. कर्नल अद्ययावत झाल्यानंतरही प्रथम यंत्र रीस्टार्ट करावे, मगच त्याला शीतनिद्रेत पाठवावे.

कोणत्या प्रसंगी काय

खोलीतल्या खोलीत तासाभरासाठी उठताना सस्पेंड पुरेसे आहे. कार्यालय आणि घर यांतील रोजच्या ये-जासाठी 'सस्पेंड-देन-हायबरनेट' योग्य. लांबचा विमानप्रवास, हॉटेल वा अनोळखी जागा यांसाठी कूटबद्ध स्वॅपवरील हायबरनेट, आणि चेक-इन सामानासाठी पूर्ण बंद. यंत्रात एस-३ नसेल आणि एस२आयडलमधील मोजमाप दोन वॅटांहून अधिक येत असेल, तर रात्रभरासाठीही हायबरनेटच निवडावे.

प्रवासाला निघण्याच्या किमान एक आठवडा आधी ही मांडणी पूर्ण करावी. लागोपाठ पाच वेळा हायबरनेट करून पाचही वेळा उघडे दस्तऐवज, वाय-फाय, ध्वनी आणि बाहेरचा पडदा नीट परत येतात का, ते पाहावे. त्यांतील एका वेळी चार्जर काढून यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. एवढी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच महत्त्वाचे काम उघडे ठेवून झाकण मिटावे, आणि त्यापूर्वीही ते काम एकदा जतन करावे.